बंद खोलीतला पंखा: आयसोलेटेड की अडायबॅटिक?

धोटा (धागालेखक) · १२ मे, रात्री १०.४०

मंडळी, मी काही भौतिकशास्त्राचा माणूस नाही. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेल-चादरीच्या कारखान्यात मेंटेनन्स बघतो. डिप्लोमा केला त्याला पंचवीस वर्षं झाली, पुस्तकं रद्दीत गेली. पण सध्या भाची सीईटीच्या क्लाससाठी आमच्याकडे राहायला आली आहे आणि रोज रात्री जेवणं उरकली की ‘मामा, हे बघ ना’ सुरू होतं.

परवाच्या सराव चाचणीतला प्रश्न असा: भिंती भक्कम, उष्णता अजिबात पार न होऊ देणाऱ्या, दारं-खिडक्या हवाबंद. छताचा पंखा चालू आहे. आतली हवा आणि पंखा मिळून जी प्रणाली होते ती (अ) खुली (ब) आयसोलेटेड (क) अडायबॅटिक, पण आयसोलेटेड नाही (ड) यांपैकी एकही नाही.

पोरीने (ब) लिहिलं. मीही तेच लिहिलं असतं. हवा बाहेर जात नाही, उष्णता बाहेर जात नाही, मग राहिलं काय? उत्तर मात्र (क) दिलंय. तिने वर्गात विचारलं तर ‘उत्तर बरोबर आहे, पुढे चला’ एवढंच. नोट्समध्ये दोन्ही व्याख्या एकाखाली एक आहेत आणि दोन्हींत ‘उष्णतेची देवाणघेवाण होत नाही’ हेच वाक्य. मग एकाच गोष्टीला दोन नावं कशाला?

कुणी समजावून सांगेल का? सूत्रं कमी, गोष्टी जास्त अशा भाषेत.

---

शेंगाचटणी · १२ मे, रात्री १०.५२

मे महिन्यात सोलापुरात आयसोलेटेड खोली? कुठं राहतोस बे तू? आमच्या माडीवर पत्र्यातून सूर्य थेट अंथरुणात येतो. पंखा गरम वारा फेकायलाय, त्याला कुठला पर्याय लावू? (इ) भट्टी.

---

जुना_खडू · १२ मे, रात्री ११.२०

धोटा, एकच विचारतो. त्या पंख्याला वीज कुठून येते?

भिंतीतून वायर आत आली आहे ना? मग त्या वायरीतून ऊर्जा आत येते आहे. हवा अडवली, उष्णता अडवली, पण ही वाट मोकळीच राहिली. भाचीची चूक इथे झाली आणि ती फार जणांची होते, कारण पुस्तकातल्या चित्रात भिंती जाड काढतात आणि वायर काढतच नाहीत.

प्रणालीत ऊर्जा येण्याजाण्याच्या वाटा तीन. वस्तुमान आत-बाहेर होतं, ते आपल्याबरोबर ऊर्जा नेतं. तापमानातल्या फरकामुळे ऊर्जा वाहते, तिला उष्णता म्हणायचं. आणि तिसरी वाट म्हणजे काम: दट्ट्या दाबणं, दांडा फिरवणं, वायरीतून वीज पाठवणं. आयसोलेटेड म्हणजे तिन्ही वाटा बंद. अडायबॅटिक म्हणजे फक्त उष्णतेची वाट बंद, बाकीच्यांबद्दल तो शब्द काही बोलतच नाही. त्यामुळे जी आयसोलेटेड आहे ती अडायबॅटिक असतेच, उलटं मात्र म्हणता येत नाही.

आता भाचीला सांगा, तीच खोली घे, वायर तोड, आणि पंखा आत ठेवलेल्या इन्व्हर्टरच्या बॅटरीवर चालव. बॅटरीही प्रणालीत धर. झाली आयसोलेटेड. खोली तीच, पंखा तोच, वाराही तोच.

---

सात_रस्ता · १२ मे, रात्री ११.३८

खडू सर, पटत नाही. पंखा चालला की शेवटी हवा तापणारच. हवा तापली म्हणजे तिला उष्णता मिळाली. मग अडायबॅटिक तरी कशी म्हणायची?

---

जुना_खडू · १३ मे, सकाळी ६.१५

(पहाटेच उठलो, उकाड्याने झोप कुठली.)

सात_रस्ता, ‘तापली म्हणजे उष्णता मिळाली’ हे वाक्य आपल्या बोलण्यात इतकं मुरलंय की मोडणं अवघड जातं. थंडीत हात चोळतो तेव्हा कुठला विस्तव असतो? तापमान वाढणं ही प्रणालीच्या आतली गोष्ट. उष्णता आणि काम ही सीमेवरची नावं आहेत, ऊर्जा सीमा कशी ओलांडते त्यावरून पडलेली. एकदा आत आली की ती नुसती अंतर्गत ऊर्जा. मग ती उष्णता म्हणून आली होती की काम म्हणून, हे हवेला विचारून कळायचं नाही.

जेम्स ज्यूलने १८४०च्या दशकात हेच दाखवलं. पाण्याचं भांडं, आत वल्ह्यांसारखी पाती, बाहेर दोरीला टांगलेली वजनं. वजनं खाली उतरतात, पाती फिरतात, पाणी घुसळून तापतं. जाळ कुठेही नाही. आज आपण एका कॅलरीला ४.१८६ ज्यूल म्हणतो त्याची सुरुवात त्या घुसळण्यातून झाली. तुमचा छताचा पंखा म्हणजे ज्यूलचंच भांडं, पाण्याऐवजी हवा आणि वजनांऐवजी महावितरण.

---

धोटा · १३ मे, सकाळी ९.०५

महावितरणवर हसलो, पण ते उदाहरण वीज चालू असेल तरच लागू 😄

सर, मग किती तापेल? आमच्याकडे रात्रभर पंखा चालतो आणि बायको म्हणते पंख्याने खोली गार होते.

---

पुणेकर_नाइलाजाने · १३ मे, दुपारी १.३०

जेवणाच्या सुट्टीत आकडेमोड केली. खोली १२ बाय १० फूट, उंची १० फूट, म्हणजे १२०० घनफूट, साधारण ३४ घनमीटर. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास उंच आहे, तिथे ४० अंशाला एक घनमीटर हवा जेमतेम १.०७ किलो भरते. म्हणजे खोलीत ३६ किलो हवा. भिंती भक्कम, आकारमान बदलत नाही, तेव्हा किलोमागे एक अंश वाढवायला ७१८ ज्यूल. सगळ्या हवेला अंशामागे सुमारे २६ हजार ज्यूल.

पंखा ७५ वॅटचा. तासाभरात २ लाख ७० हजार ज्यूल.

भागाकार करा: तासाला १० अंश! ४० वरून ५०.

खऱ्या खोलीत असं होत नाही, कारण ३६ किलो हवेभोवती काही टन विटा-सिमेंट आहे, ते हे सगळं गुपचूप शोषून घेतं, शिवाय फटी असतात. वहिनींना गार वाटतं ते घाम वाळल्यामुळे. खोलीत कुणी नसताना पंखा चालू ठेवणं म्हणजे ७५ वॅटचा हीटर लावून ठेवणं. (आमच्या घरी हे वाक्य बोलून झालं आहे. परिणाम शून्य.)

एक भर घालतो: अडायबॅटिक म्हणजे एंट्रॉपी (ऊर्जा किती विखुरली आहे याचं माप) बदलत नाही, हेही भाचीने लक्षात ठेवावं. आम्हाला इंजिनिअरिंगला टर्बाइनला तसंच शिकवलं होतं.

---

शेंगाचटणी · १३ मे, दुपारी २.१०

म्हणजे मी सहा वर्षं पैसे भरून हीटर चालवायलोय आणि वर त्याच्याखाली झोपायलोय. लै भारी.

---

जुना_खडू · १३ मे, दुपारी ४.४५

पुणेकर, आकडेमोड चोख. शेवटची भर मात्र चुकली आणि ती चूक परीक्षेत हमखास गुण घालवते.

एंट्रॉपी तशीच राहते ती फक्त उत्क्रमी अडायबॅटिक प्रक्रियेत, म्हणजे जिला पावलागणिक मागे फिरवता येतं अशा. तुम्हाला शिकवलेली टर्बाइन आदर्श होती, घर्षण नसलेली. तुमच्याच पंख्याचं बघा. हवा ३१३ केल्विनवरून ३२३ वर गेली, आकारमान तेच. २६ हजार गुणिले ३२३ भागिले ३१३ चा नैसर्गिक लॉगॅरिदम, म्हणजे सुमारे ८२० ज्यूल प्रति केल्विन इतकी एंट्रॉपी वाढली. उष्णता एक ज्यूलसुद्धा आत आलेली नाही. ही वाढ सगळी आत घुसळून जन्मली.

आता खरी गंमत. समजा पश्चात्ताप झाला आणि खोली पुन्हा ४० वर आणायची आहे. भिंती तशाच, उष्णता बाहेर जाऊ द्यायची नाही, खोली लहानमोठी करून ठेवायची नाही. काय कराल? पंखा उलटा फिरवाल? तो उलट्या दिशेने घुसळेल आणि आणखी तापवेल. एका भिंतीला दट्ट्या करून हवा प्रसरण पावू दिली तर गार होईल, पण खोली मोठी होईल. परत मूळ आकाराला दाबली की पारा ५० वर किंवा त्याच्याही पुढे. काहीही करा, त्या भिंतींच्या आत राहून ४० अंशांवर परतता येत नाही.

कॅराथिओडोरी नावाच्या ग्रीक गणितज्ञाने १९०९ मध्ये उष्मागतिकीचा दुसरा नियम याच वाटेने मांडला: कुठल्याही अवस्थेच्या अगदी जवळ अशा अवस्था असतात की जिथे अडायबॅटिक वाटेने पोचताच येत नाही. इंजिनं, भट्ट्या, काही नाही. नुसत्या न पोचता येणाऱ्या जागा. मी हे शिकवायला लागून बरीच वर्षं झाल्यावर वाचलं आणि त्या दिवशी तासाला अर्धा तास उशिरा गेलो.

म्हणून ‘आयसोलेटेड प्रणालीची एंट्रॉपी कमी होत नाही’ हे पुस्तकी वाक्य बरोबर आहे, पण अर्धवट आहे. बंदिस्त प्रणाली (जिच्यात वस्तुमान आत-बाहेर होत नाही ती) नुसती अडायबॅटिक असली तरी तेच लागू पडतं. काम आत घाला, बाहेर काढा, एंट्रॉपी खाली येत नाही. ती खाली आणायची तर उष्णतेचीच वाट उघडावी लागते.

---

पुणेकर_नाइलाजाने · १३ मे, सायं. ५.०२

दंडवत. टर्बाइनच्या तासाला बहुतेक मी शेवटच्या बाकावर होतो.

---

वाफाळ · १३ मे, सायं. ७.३०

टर्बाइनचा विषय निघालाच म्हणून. मी बॉयलरवाला. आपल्या फताटेवाडीच्या एनटीपीसी प्रकल्पात ६६० मेगावॅटचे दोन संच आहेत. तिथल्या टर्बाइनला कुणी आयसोलेटेड म्हणणार नाही: एका टोकाने वाफ घुसते, दुसऱ्याने बाहेर पडते, दांडा जनरेटर फिरवतो. सगळी दारं सताड उघडी. तरी हिशेब करताना तिला अडायबॅटिक धरतात, कारण वाफ आतून इतक्या झपाट्याने जाते आणि काम इतकं प्रचंड निघतं की लॅगिंगमधून (वरच्या उष्णतारोधक वेष्टणातून) झिरपणारी उष्णता त्यापुढे किरकोळ.

वरती ‘बंदिस्त प्रणाली’ म्हणालात म्हणून सांगितलं. खुली प्रणालीही अडायबॅटिक असू शकते. भाचीच्या प्रश्नात (अ) आणि (क) हे वेगवेगळे पर्याय दिलेत, ते त्या खोलीपुरते ठीक, पण दोन्ही एकावेळी खरे असू शकतात.

---

कडक_भाकरी · १३ मे, रात्री ८.१५

मग कूलरचं काय? तो पण वायरीवर चालतो, पण गार करतो!

---

वाफाळ · १३ मे, रात्री ८.४०

ताई, झकास प्रश्न. कूलरही खुली अडायबॅटिक प्रणाली, जवळजवळ. मोटरचं काम थोडं, ते सोडून द्या. ओल्या वाळ्यातून कोरडी गरम हवा जाते, पाणी वाफ होतं, त्यासाठी लागणारी ऊर्जा हवेतूनच घेतं. बाहेरून उष्णता आली नाही की गेली नाही, आतल्या आत हवेकडून पाण्याकडे गेली. हवा गार, पण दमट.

सोलापुरी दुपार ४२ अंशांची आणि आर्द्रता २० टक्के धरली तर ओल्या फडक्याचा तापमापक सुमारे २४ दाखवतो. ती तळाची मर्यादा. चांगला कूलर २८-२९ पर्यंत आणेल. मुंबईत हाच कूलर नुसता दमट वारा देतो. या एका बाबतीत तरी आपण नशीबवान.

म्हणजे बघा, पंखा: अडायबॅटिक, तापमान वर. कूलर: अडायबॅटिक, तापमान खाली. नावावरून पारा कुठे जाईल ते सांगता येत नाही.

---

सात_रस्ता · १३ मे, रात्री ९.१०

बरं, पंख्याचं मानलं. पण मुळात पूर्ण उष्णतारोधक भिंत असते कुठे? थर्मासमधला चहासुद्धा संध्याकाळपर्यंत कोमट होतो. मग हे दोन्ही शब्द कागदीच नाहीत का?

लहानपणी लग्नकार्याला बर्फाची लादी यायची ती भुशात आणि तरटात गुंडाळून. एकदा तरट मिळालं नाही म्हणून आजीने चक्क जुनी सोलापुरी चादर गुंडाळली. शेजारीण म्हणाली, ‘अगं, चादरीने ऊब येते, बर्फ लवकर वितळेल की!’ आजी म्हणाली, ‘चादरीला कुठली ऊब? ती आतलं आत ठेवते आणि बाहेरचं बाहेर.’ बर्फ पंगत उठेपर्यंत टिकला. पण वितळलाच ना शेवटी.

---

जुना_खडू · १३ मे, रात्री १०.००

तुमच्या आजीला माझ्यातर्फे नमस्कार. उष्णतारोधकाची याहून नेटकी व्याख्या मला करता आलेली नाही.

आयसोलेटेड ही कल्पना कागदीच, हे मान्य. थर्मासमध्ये दोन भिंतींमधली हवा काढलेली, आतून चांदीचा मुलामा. ड्यूअरने हे भांडं १८९२ मध्ये केलं ते चहासाठी नव्हे, अतिथंड द्रवरूप वायू टिकवायला. तरी झाकणातून उष्णता झिरपतेच. आणि बंद थर्मास खळखळून हलवला तर आत काम घातलंत. तेवढ्यापुरता तोही आयसोलेटेड नाही.

पण अडायबॅटिकचं वेगळं आहे. त्याला भिंतच लागत नाही, घाई लागते.

जुन्या माणसांना गिरणीचे भोंगे आठवत असतील. भोंगा वाजतो म्हणजे हवा क्षणाक्षणाला दाबली जाते आणि सैल होते. न्यूटनने ध्वनीचा वेग काढताना धरलं की या दाबासैलीत तापमान तेच राहतं. उत्तर आलं सेकंदाला सुमारे २८० मीटर. प्रत्यक्षात शून्य अंशाला ३३१-३३२. फार मोठी तफावत, आणि ती शंभराहून जास्त वर्षं तशीच राहिली. लाप्लासने १८१६ मध्ये सांगितलं, दाबलेली हवा तापते आणि ती उष्णता शेजारच्या सैल हवेकडे जाईपर्यंत थांबायला लाटेला वेळच नाही. अडायबॅटिक धरा. सूत्रात १.४ आला (हवेच्या दोन विशिष्ट उष्णतांचं गुणोत्तर), त्याचं वर्गमूळ १.१८, २८० गुणिले १.१८, हिशेब जुळला. त्या हवेभोवती ना भिंत, ना भुसा, ना चादर. उघड्या मैदानातली हवा, आणि ती अडायबॅटिक.

एखादी घटना उष्णता झिरपण्याच्या मानाने लवकर उरकली, की ती तेवढ्यापुरती अडायबॅटिक.

---

धोटा · १४ मे, सकाळी ८.२०

सर!! आता माझ्या डोक्यात लख्ख झालं. आमच्या एअरजेट मागांना हवा पुरवणाऱ्या कॉम्प्रेसरचा डिलिव्हरी पाइप. हात लावता येत नाही, आणि नवीन पोरं विचारतात, ‘याच्यात हीटर कुठंय?’ मी इतकी वर्षं ‘दाबानं तापतं’ एवढंच सांगत आलो.

काल रात्री भाचीकडून सूत्र लावून घेतलं. ३५ अंशांची हवा दाब ८ पट होईपर्यंत एका दमात दाबली, उष्णता जराही बाहेर गेली नाही, तर २८५ अंश! प्रत्यक्षात एवढी जात नाही, सिलिंडरला पंखे-पट्ट्या असतात. आणि म्हणूनच मोठ्या मशिनला दोन टप्पे आणि मध्ये इंटरकूलर: पहिल्या टप्प्यानंतर मुद्दाम उष्णता काढून टाकायची, म्हणजे दुसऱ्या टप्प्याला काम कमी लागतं. म्हणजे आम्ही अडायबॅटिकपासून लांब पळायचे पैसे मोजतो आणि ते वाफाळसाहेब टर्बाइनला लॅगिंग करून त्याच्याजवळ जायचे. बरोबर ना?

---

वाफाळ · १४ मे, सकाळी ८.४५

एकदम बरोबर. चहा तुमच्याकडून.

---

ओलाकागद · १४ मे, दुपारी १२.१०

केमिस्ट्रीवाल्यांची बाजू मांडते. बॉम्ब कॅलरीमीटरमध्ये (जळताना निघणारी उष्णता मोजायच्या बंद भांड्यात) आम्ही इंधन जाळतो. भोवतालच्या पाण्याचं तापमान आतल्यासारखंच ठेवत राहिलं की उष्णतेला जायला कारणच उरत नाही, म्हणून त्याला अडायबॅटिक कॅलरीमीटर म्हणतात. विद्यार्थी लगेच लिहितात ‘आयसोलेटेड’. पण ठिणगी द्यायला आत एक बारीक तार असते, तिला बाहेरून वीज देतो. हिशेबाच्या शेवटी त्या तारेची दुरुस्ती वजा करायला लागते. माझ्या बॅचला निम्म्यांचं उत्तर त्या तारेने चुकलं होतं. पुन्हा वायरच!

भाचीला अजून एक सांगा: भौतिकशास्त्रात प्रणालीने केलेलं काम धन, रसायनशास्त्रात प्रणालीवर केलेलं काम धन. त्या गोंधळात तिची चूक नाही, आमच्या दोन विभागांचं पटत नाही.

---

कडक_भाकरी · १४ मे, दुपारी ३.००

मराठीत काय म्हणायचं यांना? अडायबॅटिक म्हणताना जीभ अडते.

---

जुना_खडू · १४ मे, दुपारी ३.२५

आयसोलेटेडला विलग म्हणा, चालतं. अडायबॅटिकला हिंदी पुस्तकांत रुद्धोष्म म्हणतात: उष्मा रोखलेलं. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘पार जाता न येणारं’. मला रुद्धोष्म आवडतो, कारण काय रोखलंय ते शब्दातच आहे. पण वर्गात वापरला की मुलं पहिल्यांदा हसतात.

---

शेंगाचटणी · १४ मे, दुपारी ३.४०

अख्खं विश्व आयसोलेटेड हाय म्हणतात, त्याचं काय ओ सर?

---

जुना_खडू · १४ मे, दुपारी ३.५५

क्लॉसियसने १८६५ मध्ये तसं धरून वाक्य लिहिलं: विश्वाची ऊर्जा स्थिर, एंट्रॉपी वाढत जाते. पण विश्वाला सीमा कुठे आखायची हे ठरल्याशिवाय मी त्या वादात पडत नाही. त्यासाठी वेगळा धागा काढा, इथे पंखा चालू राहू द्या.

---

धोटा · १४ मे, रात्री ९.५०

सगळ्यांचे आभार. भाचीने वहीत दोन्ही व्याख्या खोडून एवढंच लिहिलंय: ‘आधी सीमा काढ, मग वायर शोध.’ आणि लगेच मला पेचात टाकलं: ‘मामा, त्या बंद खोलीत मी बसून अभ्यास करत असले तर?’ माणूस बसल्या बसल्या शंभरेक वॅट बाहेर टाकतो असं तिच्या पुस्तकात आहे, म्हणजे पंख्यापेक्षा जास्त! मी म्हटलं, तुला प्रणालीत धरलं तर तू बॅटरीसारखी, जेवण आधीच आत गेलेलं. तुला सोडून नुसती हवा घेतली तर तुझ्या अंगातून येते ती उष्णता, मग अडायबॅटिकही नाही. सर, बरोबर सांगितलं का?

(हे लिहिताना वीज गेली. पंखा चालू आहे. पण इन्व्हर्टर जिन्याखाली ठेवलाय, म्हणजे भाचीच्या मते उत्तर अजून (क)च.)